चमचाभर साखरेचा हिशोब

धडधाकट माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त खेळत असतं. सकाळी उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असेल? जेमतेम ४-५ ग्रॅम. चहाचा एक चमचा!

उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असली की डॉक्टर निर्धास्त असतात, आणि १२६ किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा आली की मधुमेहाचं निदान होतं. हे आकडे दर डेसिलीटरमधल्या मिलिग्रॅमचे. अंगातल्या सगळ्या रक्ताचा हिशोब मांडला तर या दोन आकड्यांमधलं अंतर भरतं सव्वा ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा चिमटीवर निरोगी कोण आणि मधुमेही कोण हे ठरतं.

आता समोर बशीभर कांदेपोहे ठेवा. ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ४५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं आणि पचल्यावर त्याची साखरच होते. रक्तात आहे त्याच्या नऊ-दहा पट साखर एका नाश्त्यातून आत येते. तरीही निरोगी माणसाचा आकडा सहसा १४० च्या पुढे जात नाही आणि दोन-तीन तासांत मूळ पदावर येतो. मग ती साखर जाते कुठे? टाइप टू मधुमेह समजून घ्यायचा तर ताटात काय आहे याच्या इतकाच हाही प्रश्न विचारायला हवा.

पहिली हालचाल होते स्वादुपिंडात. १८६९ मध्ये पाउल लांगरहान्स या बर्लिनच्या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडात पेशींचे वेगळेच पुंजके दिसले. त्यांचं काम काय, हे त्याला उमगलं नव्हतं. हे पुंजके दहा लाखांच्या घरात असतात, पण सगळ्यांचं वजन मिळून एक-दोन ग्रॅम. इन्सुलिन इथेच तयार होतं. गंमत अशी की तीच साखर शिरेतून दिली तर इन्सुलिन कमी सुटतं आणि तोंडाने घेतली तर कितीतरी जास्त. कारण अन्न उतरायला लागलं की आतडं स्वतःची संप्रेरकं सोडून स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देतं. त्यांतल्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करूनच हल्लीची गाजलेली इंजेक्शनं बनली आहेत.

इन्सुलिनचा निरोप ऐकणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. स्नायूच्या पेशीत साखर आत ओढणारी ग्लूट-४ नावाची प्रथिनं असतात. एरवी ती पेशीच्या पोटात लहान लहान पिशव्यांमध्ये पडून असतात. इन्सुलिन आलं की पिशव्या पृष्ठभागाकडे सरकतात, तिथे मिसळून जातात आणि साखर आत यायला लागते. टाइप टू मधुमेहात हा निरोपच क्षीण पोहोचतो. इन्सुलिन असतं, सुरुवातीला तर नेहमीपेक्षा जास्तच असतं, पण पिशव्या पुरेशा हलत नाहीत.

आणि इथे शरीराने एक दुसरी वाट ठेवली आहे. स्नायू आकुंचन पावला की याच पिशव्या इन्सुलिनशिवाय, वेगळ्या संदेशाने पृष्ठभागावर येतात. मधुमेहातही ही वाट बऱ्यापैकी शाबूत राहते. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं गल्लीत फेऱ्या मारल्या की पोटऱ्या आणि मांड्या रक्तातली साखर थेट उचलतात. शिवाय व्यायाम थांबल्यावरही पुढचा एखादा दिवस स्नायूंना इन्सुलिनचं म्हणणं जास्त चांगलं ऐकू येतं. म्हणून आठवड्याची कसर रविवारी एकदम भरून काढण्यापेक्षा रोज थोडं चाललेलं बरं.

मग एक तक्रार हमखास येते: ‘रात्री फक्त ताक पिऊन झोपलो, तरी सकाळची फास्टिंग जास्त कशी?’ ती साखर ताटातली नसते, यकृतातली असते. एकटा मेंदू तासाला ५ ग्रॅमच्या आसपास साखर वापरतो, म्हणून आपण झोपेत असताना यकृत रक्तात साखर सोडत राहतं. पहाटे कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं तो ओघ आणखी वाढवतात. निरोगी माणसात इन्सुलिन त्याला वेळीच आवर घालतं. टाइप टू मधुमेहात टाकी भरून वाहत असतानाही नळ चालूच राहतो. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः हाच नळ आवळते. युरोपातल्या गलेगा या झुडपातल्या द्रव्यापासून या औषधाचा माग निघाला आणि १९५७ मध्ये झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ते मधुमेहासाठी पुढे आणलं.

यकृत आणि स्नायू इन्सुलिनला असे का जुमानत नाहीत? त्यांच्यात साठलेली चरबी हे एक मोठं कारण. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन संशोधकांचा एकत्र फोटो छापून आला: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. ‘मी तर बारीक आहे, मला कशाला शुगर होईल?’ या आपल्याकडच्या लाडक्या समजुतीला त्या फोटोने चांगलाच धक्का दिला. उलट बाजूही तितकीच थक्क करणारी आहे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत, निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांनी देखरेखीखाली कडक आहाराने वजन उतरवलं. वर्षभरानंतर त्यांतले ४६ टक्के लोक मधुमेहाच्या औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. वजन पुन्हा वाढलं की साखरही परतू शकते, हेही तितकंच खरं.

या सगळ्याची नोंद ठेवतं आपलंच रक्त. साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी जगेल तोवर, म्हणजे सुमारे १२० दिवस, तिथेच राहते. मधुमेहींच्या रक्तातलं हे वेगळं हिमोग्लोबिन १९६८ मध्ये तेहरानच्या सॅम्युएल रहबर यांच्या नजरेस पडलं. त्यातूनच आजची ‘तीन महिन्यांची’ एचबीएवनसी तपासणी आली. तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत गोड सोडून हा आकडा फसत नाही. पुष्कळ रुग्णांना डॉक्टर ७ टक्क्यांच्या आसपासचं लक्ष्य देतात, म्हणजे रक्तातली सरासरी साखर साधारण १५४. वय आणि इतर आजार पाहून ते बदलतं.

ताटातही एक साधी युक्ती आहे. कोशिंबीर, भाजी, उसळ आधी खाऊन भात-पोळी शेवटी घेतली तर जेवणानंतरची उसळी कमी होते, असं अभ्यासांत दिसलं आहे. पदार्थ तेच, क्रम वेगळा. एक सावधगिरी मात्र हवी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जेवण चुकवून भरभर चालायला जाऊ नये. हात थरथरले, दरदरून घाम फुटला आणि आकडा ७० च्या खाली दिसला तर लगेच १५ ग्रॅम साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं.

ग्लुकोमीटरवरचा आकडा मग निव्वळ पास-नापासाचा शेरा राहत नाही. फास्टिंग चढली तर रात्रीच्या पोळीवर राग काढण्याआधी यकृताचा विचार करा आणि डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला. जेवणानंतरची चढली तर ताटाचा क्रम आणि पायांची हालचाल तपासा. बिघाड कुठे आहे हे कळलं की उपाय कुठे करायचा हेही कळतं.