पाणी, तंटा आणि स्थलांतर : युवक कार्यकर्त्यांसाठी

५ डिसेंबर २०१७ चा दिवस शिवाजी पार्क परिसरातील कार्यकर्त्यांच्या स्मरणात आहे. अरबी समुद्रातील ‘ओखी’ चक्रीवादळामुळे ऐन डिसेंबरात मुंबईत पाऊस पडत होता. महापरिनिर्वाण दिनासाठी आलेल्या बांधवांचा मैदानावरील मुक्काम हलवावा लागला. महापालिकेने आसपासच्या शाळा उघडून दिल्या. अशा वेळी आपले तरुण सामान उचलतात, पाणी देतात, वाट दाखवितात. परंतु समोरच्या माणसाच्या गावी पाण्याची काय स्थिती आहे, हे विचारावयाचे राहून जाते. युवक शिबिरांतून हेही शिकविले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

धम्माला हा विषय नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगितले आहे ते रोहिणी नदीच्या पाण्याचे. शाक्य व कोलीय यांच्यात पाण्यावरून मारामारी झाली. शाक्य संघाने युद्ध ठरविले. दोन्ही बाजूंची माणसे निवडून चौकशी करावी, हा सिद्धार्थाचा प्रस्ताव फेटाळला गेला. तेव्हा त्याने परिव्रज्या पत्करली. पाणी, तंटा आणि देशत्याग ही साखळी तेथेच दिसते.

आता या साखळीची पहिली कडी अधिक ताणली जात आहे. औद्योगिक काळापूर्वीच्या मानाने पृथ्वीचे सरासरी तापमान १ अंशाहून अधिक वाढले आहे. तापलेली हवा जास्त बाष्प धरते. म्हणून पडला तर धो धो, नाहीतर लांबलचक उघडीप, असे प्रसंग वाढतात. प्रत्येक दुष्काळाचे खापर मात्र त्यावर फोडू नये.

कारण दुसरी कडी माणसांनी घडविलेली असते. पाणी आटले की कोणाची घागर आधी रिकामी राहते, हे निसर्ग ठरवीत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी भरपूर होते. अडविणारी होती ती जात. २०१६ च्या मार्च महिन्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले.

तिसरी कडी स्थलांतराची. १९७२ च्या दुष्काळात कित्येक कुटुंबे मुंबईस आली. ज्याला जमीन नाही, विहीर नाही, तो आधी निघतो. बीडकडील मजूर मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातो आणि मुलांची शाळा सुटते. उलट, गावातच काम मिळाले तर माणूस थांबू शकतो. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याचे मोल येथे आहे.

म्हणून कार्यकर्त्याने चार प्रश्न मनाशी ठेवावेत : गावातील पाणी कधी आटले? ते कोणाच्या ताब्यात आहे? गाव सोडण्यापूर्वी काम मागितले होते काय? मुले व वृद्ध कोठे आहेत? उत्तरे ऐकून रेशन, शाळाप्रवेश, मजुरीची थकबाकी यांपैकी कशात हात देता येईल ते पाहावे. नव्याने आलेल्यांचा आणि वस्तीतील जुन्यांचा नळावर तंटा झालाच, तर सिद्धार्थाचा मार्ग आठवावा : आधी दोन्ही बाजूंनी चौकशी.

आपल्यापैकी अनेकांचे आजोबा असेच गाव सोडून गिरणगावात आले. आज मैदानावर उतरणारा परका नव्हे; तो आपल्याच वाटेने मागून येत आहे.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम.