आत्मविश्वास येतो कुठून?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नव्या वर्षाचे कालनिर्णय खिळ्याला अडकले की आमच्या माजरीत दोन गोष्टी हमखास होतात. थंडी वाढते आणि संकल्पांचे पीक येते. कुणी तंबाखू सोडतो, कुणी पहाटे फिरायला जायचे ठरवतो. नव्याचे नऊ दिवस सरले की थंडी आणि संकल्प दोन्ही बरोबरच ओसरतात.

मध्यंतरी आमच्या गल्लीतली एक मुलगी घरी आली. बी.कॉम. झालेली, हुशार. भरतीच्या दोन परीक्षांत थोडक्या गुणांनी हुकलेली. त्यानंतर तिने घराबाहेर पडणेच कमी केले होते. नवी डायरी पुढे करून म्हणाली, "चाचा, पहिल्या पानावर मी संकल्प लिहिलाय. बघा ना, बरोबर आहे का." लिहिले होते, "येत्या वर्षात मी माझा आत्मविश्वास वाढवणार."

वाक्य शुद्ध होते. हेतूही चांगला होता. पण एक जानेवारीला सकाळी उठून नेमके काय करायचे, ते त्या वाक्यात कुठेच नव्हते. मी तिला म्हटले, "बस बेटा, चहा घे. आधी तुला खाणीतली एक गोष्ट सांगतो." तीच गोष्ट आज तुम्हालाही सांगतो.

माजरी हे कोळशाचे गाव. नागपूरहून बल्लारशाहकडे निघालेली गाडी इथून जाते आणि इथूनच एक फाटा वणीमार्गे आदिलाबादकडे वळतो. माझे अब्बा या भागातल्या एका भूमिगत खाणीत मायनिंग सरदार होते. पाळीची माणसे कामाला लागण्याआधी जागा तपासायची, हे सरदाराचे काम. टोकाला लोखंड बसवलेल्या काठीने ते डोक्यावरचे छत ठोकून पाहत. छत घट्ट असेल तर टणक आवाज येतो. आत थर सुटलेला असेल तर आवाज पोकळ, ढोलासारखा येतो. पोकळ आवाज आला की टेकू लावल्याशिवाय तिथे कुणी पाऊल टाकायचे नाही.

लहानपणी मी त्यांना विचारले होते, "अब्बा, खाली भीती नाही वाटत?" ते म्हणाले, "वाटते. ज्याला वाटत नाही, त्याला मी सोबत नेत नाही. भीती वाटते म्हणून तर छत ठोकतो. आणि ठोकले की मग हात कापत नाही."

आत्मविश्वासाची याहून सोपी व्याख्या मला अजून सापडलेली नाही. तो भीती नसण्यात नाही आणि छाती फुगवून चालण्यातही नाही. आपण स्वतः ठोकून पाहिलेल्या छताखाली उभे राहताना मनाला जी खात्री वाटते, तो आत्मविश्वास. न ठोकता उभा राहतो, त्याला धाडस म्हणा किंवा बेफिकिरी म्हणा.

हे शहाणपण घरात असूनही मला ते फार उशिरा उमगले. आमच्या घरची बोली हिंदी-उर्दूची, पण शाळा मराठी. कविता सुचली तीही मराठीतच. 1992 साली एका कविसंमेलनात मला पहिल्यांदा बोलावणे आले. अब्बा पाळी बदलून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. सूत्रसंचालकांनी माझे नाव वाचले आणि माइकवरच म्हणाले, "आता आपण एक उर्दू गझल ऐकू या." माझ्या हातात मराठी कविता होती. लोक हसले. त्या हसण्यात दुष्टपणा नसेलही, पण माझा घसा कोरडा पडला, कागद थरथरू लागला. दोन ओळी कशाबशा वाचल्या आणि खाली उतरलो. त्यानंतर अकरा वर्षे मी लोकांसमोर कविता वाचली नाही. अब्बा 2002 मध्ये गेले. त्यांनी माझी एकही कविता पूर्ण ऐकली नाही.

त्या अकरा वर्षांत मला उपदेश कमी मिळाले नाहीत. "घाबरतोस काय, स्वतःवर विश्वास ठेव," असे सगळेच सांगत. पण विश्वास ठेवायचा तर तो कशावर? माझ्याकडे पुरावा एकच होता आणि तो माझ्या विरुद्ध जात होता.

पालटले ते एका पत्रामुळे. रेल्वे फाटकाजवळच्या एका दुकानात मी हिशेब लिहीत असे. खाणीतली माणसे रजेचे अर्ज, घरची पत्रे लिहून घ्यायला येत. एकदा गडचिरोलीकडचा एक मजूर आला. आईला पत्र लिहायचे होते. लिहून झाल्यावर म्हणाला, "बाबू, लिवला तसाच वाचून दाखव ना गा." मी वाचले. तो गप्प राहिला, कागद जपून खिशात घातला आणि म्हणाला, "माझ्या मनातला लिवलास." माझा आवाज कापला नव्हता, हे तो गेल्यावर माझ्या ध्यानात आले. श्रोता एकच होता, पण माझ्याकडे दुसरा पुरावा जमा झाला होता. पुढे तिथेच तिघा-चौघांना पत्रे वाचून दाखवली. मग चहाच्या टपरीवर एक कविता, मग वाचनालयात दहा-बारा जणांपुढे. 2003 मध्ये पुन्हा माइकसमोर उभा राहिलो, तेव्हा छत ठोकून झाले होते.

हे असे का घडते, याचा अभ्यास मानसशास्त्राने केला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले अल्बर्ट बांदुरा यांनी 1977 मध्ये यावर एक गाजलेला निबंध लिहिला. एखादे ठराविक काम आपल्याला जमेल, हा विश्वास कुठून येतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी चार वाटा सांगितल्या. पहिली आणि सर्वांत भक्कम वाट म्हणजे ते काम स्वतः करून पार पाडल्याचा अनुभव. दुसरी, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणे. तिसरी, कुणीतरी दिलेला धीर. चौथी, धडधड, घाम, थरथर या शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. आपण मात्र बहुतेक वेळा तिसऱ्याच वाटेवर गर्दी करतो. भाषणे ऐकतो, सुविचार लिहून ठेवतो. धीराचे शब्द वाईट नाहीत, पण अनुभवाचा टेकू नसेल तर पहिल्याच धक्क्याला ते ढासळतात.

बांदुरा यांनी सापाला अतिशय घाबरणाऱ्या माणसांवर प्रयोग केले. आमच्या जंगलपट्टीत सापाचे नवल नाही, तरी प्रयोगाची रीत ऐकण्याजोगी आहे. त्यांना "घाबरू नका" असे नुसते सांगितले नाही. आधी दुसऱ्याला साप हाताळताना दाखवले. मग थोडे जवळ जाणे, मग हातमोजा घालून स्पर्श, मग उघड्या हाताने. प्रत्येक पायरीवर जाणकार सोबत होता आणि हळूहळू तो बाजूला होत गेला. सापाची भीती तर गेलीच, पण आयुष्यातल्या इतर अडचणींना तोंड देण्याचे बळही वाढल्याचे त्यातल्या काहींनी सांगितले.

यासाठी स्टॅनफर्डपर्यंत जायलाच हवे असे नाही. शेजारचा गडचिरोली जिल्हा पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या गावांत तेव्हा हजार जिवंत जन्मांमागे 121 बालके वर्षाच्या आत दगावत होती. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात आणि गावातल्या अनेक दाईंना मोजणी येत होती ती बारापर्यंत. "तुम्ही शिकलेल्या नाही, तुम्हाला जमणार नाही," असे म्हणून विषय संपवता आला असता. तसे झाले नाही. त्यांच्यासाठी मण्यांचे एक साधे साधन तयार झाले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ उलटे करायचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचले, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. काम होते तेच राहिले, फक्त दहा-दहाच्या पायऱ्यांत विभागले गेले.

पुढे 39 गावांतल्या अल्पशिक्षित स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. बाळाचे वजन, ताप, श्वास पाहणे आणि जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन देणे, हे त्या टप्प्याटप्प्याने शिकल्या. दर पंधरवड्याला डॉक्टर गावात येऊन त्यांच्या नोंदी तपासत, चुका सुधारत. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या कामाचे निष्कर्ष छापून आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. 2011 पासून आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत देशभर सुरू झाली, तिच्यामागे हा अनुभव आहे. या बायांना आधी आत्मविश्वास देऊन मग काम दिले, असे झाले नाही. काम बेताच्या पायरीने दिले, सोबत कुणीतरी उभे राहिले, आणि आत्मविश्वास मागाहून चालत आला.

आपल्यासारख्याला करताना पाहण्याचे बळही मोठे असते. मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. त्यांनीही आधी छोटे कडे चढण्याचा सराव केला, मग हिमालयात प्रशिक्षण घेतले. आता जिवतीच्या डोंगरातल्या मुलाला शिखर परक्याचे वाटत नसेल. माझ्यापुरते सांगायचे तर, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी चारशे वर्षांपूर्वी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, हे मला नीट कळले तेव्हा त्या कविसंमेलनातले हसू निम्मे विरून गेले. माझ्या आधी कुणीतरी या वाटेने चालून गेले होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. जागा थोड्या आणि अर्ज हजारो असतील, तर न मिळालेली नोकरी हा मुलांच्या आत्मविश्वासाचा दोष नव्हे. आत्मविश्वासाने जागा वाढत नाहीत. तो एवढेच करतो की पुढचा अर्ज भरताना हात मागे येत नाही.

मग येत्या वर्षात करायचे काय? "आत्मविश्वास" हा शब्द बाजूला ठेवा आणि ज्या कामापाशी आपला पाय अडतो, ते एकच काम निवडा. बँकेत स्वतः बोलणे, सभेत प्रश्न विचारणे, स्कूटर शिकणे, काहीही. त्याची इतकी लहान पायरी करा की ती याच आठवड्यात चढता येईल. झालेली पायरी तारखेसह लिहून ठेवा, कारण मन अपयश न सांगता लक्षात ठेवते आणि यश सांगूनही विसरते. छाती धडधडली तर "मी घाबरट आहे" असा अर्थ लावू नका. शरीर कामाची तयारी करते आहे, एवढाच तो अर्थ. एखादी पायरी चुकली तर पोकळ आवाज कुठून आला ते शोधा, तिथे टेकू लावा आणि पुन्हा ठोका. आणि ज्यांच्या घरात मुले आहेत त्यांनी "घाबरू नकोस" म्हणण्याऐवजी "चल, पहिल्यांदा मी सोबत येतो" असे म्हणून पाहावे.

चहा संपेपर्यंत त्या मुलीने डायरीचे पहिले पान फाडले नाही. जुन्या ओळीच्या खाली नवी ओळ लिहिली, "सोमवारपासून रोज सकाळी वाचनालयात एक तास. शनिवारी एक सराव परीक्षा, घड्याळ लावून." थोडे थांबून तिने आणखी एक ओळ लिहिली, "निकाल काहीही असो, अम्मीला दाखवायचा."

पहिल्या शनिवारी तिला शंभरपैकी एक्केचाळीस गुण मिळाले. मला सांगायला ती स्वतः आली. घर ते माझे दार, हीसुद्धा एक पायरीच होती.