बायोडाटा कुणासाठी, कोणत्या कामासाठी?

जालन्यात नोकरीचा अर्ज बहुतेक वेळा झेरॉक्स सेंटरवर जन्माला येतो. संगणकावर आधीच्या कुणाचा तरी बायोडाटा उघडायचा, नाव-पत्ता बदलायचा, प्रिंट काढायची. फिटर असो की बीएस्सी ॲग्री, कागद तोच. वर फोटो, मग वडिलांचं नाव, जात, धर्म, लग्न झालं की नाही, दहावीपासूनचे टक्के, छंद म्हणून वाचन आणि क्रिकेट, शेवटी डिक्लरेशन आणि सही. रास आणि गोत्र तेवढं घालायचं राहतं! आपल्याला काय येतं, हे मात्र अर्ध्या ओळीत उरकलेलं असतं.

हा एकसारखेपणा इथे जास्तच नडतो, कारण शहराचे दोन मोठे उद्योग माणूस पारखतात ते वेगवेगळ्या गोष्टींवर. एमआयडीसीत इंडक्शन भट्टीत भंगार वितळवून बिलेट पाडतात आणि रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया ओढतात. तिथल्या माणसाला हवं असतं ते एवढंच: हा शेवटचा कुठे होता, कोणत्या मशीनवर, किती वर्षं. म्हणून इथे ताजी नोकरी सगळ्यात वर आणि जुनी खाली, हा क्रम उत्तम. नुकताच आयटीआय झालेला असेल, तर ट्रेड आणि ॲप्रेंटिसशिप वर आणावी, दहावीचे टक्के खाली जाऊ द्यावेत. एक पान पुरे.

दुसऱ्या उद्योगाचं, बियाण्यांचं, गणित निराळं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, तेव्हापासून जालना बियाण्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. या धंद्यातलं बरंच काम हंगामी. खरिपात एका कंपनीकडे कापसाचे प्लॉट, रब्बीत दुसरीकडे भाजीपाला, उन्हाळ्यात प्रोसेसिंग प्लांटवर. अशा मुलाने निव्वळ तारखांच्या क्रमाने लिहिलं, तर तो कुठे टिकतच नाही असं वाटतं. त्याच्यासाठी मिश्र पद्धत योग्य. वर चार-पाच ओळींत काम लिहायचं: बीजोत्पादन प्लॉटवर क्रॉसिंगची देखरेख, रोगिंग म्हणजे भेसळीची झाडं वेळेत उपटणं, उगवण चाचणी, शेतकऱ्यांशी करार आणि नोंदी. किती एकर, किती शेतकरी, हे आकडे खरे असतील तर जरूर टाकावेत. त्याखाली हंगाम, कंपनी आणि गाव यांची छोटी यादी. मग तीच धरसोड अनुभव म्हणून वाचली जाते.

तिसरी पद्धत तारखा जवळपास गाळून फक्त कौशल्यं सांगण्याची. मधली वर्षं रिकामी असणाऱ्यांना हिचा मोह पडतो. भोकरदन, परतूर, मंठ्याकडची कितीतरी मुलं भरतीच्या तयारीत तीन-चार वर्षं घालवतात आणि मग खासगी नोकरीकडे वळतात. माझं मत स्पष्ट आहे: ती वर्षं लपवू नका. तारखा नसलेला कागद पाहिला की घेणाऱ्याच्या मनात आधी शंका येते. 'पोलीस भरतीची तयारी' असं लिहून समोर साल टाकलं, तर राज्य राखीव पोलीस बलाचा गट आणि पोलीस प्रशिक्षण केंद्र असलेल्या शहरात कुणाच्याही भुवया उंचावणार नाहीत. त्याच काळात घरच्या मोसंबीच्या बागेचा हिशेब सांभाळला असेल, तर तेही काम आहे. बचत गटाची वही वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या बाईने अकाउंट्सच्या जागेसाठी अर्ज करताना कौशल्यं आधी मांडावीत; पण वर्षं तिनेही द्यावीत.

शेंद्रा, वाळूज एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांना ऑनलाइन अर्ज करायचा, तर तो कागद माणसाआधी सॉफ्टवेअरच्या हाती पडू शकतो. दोन रकाने, चौकटी, रंगीत चिन्हं यांत मजकुराची खिचडी होते. साधी मांडणी ठेवा, जाहिरातीतले जे शब्द तुम्हाला लागू पडतात ते तसेच वापरा. सरकारी भरतीत हा प्रश्नच नाही, तिथे नमुना त्यांचा असतो.

खासगी नोकरीसाठी जात, धर्म, आधार क्रमांक द्यायची गरज नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना पीडीएफ पाठवा, फाइलला स्वतःचं नाव आणि पदाचं नाव द्या. आणि झेरॉक्स सेंटरवरून उठण्याआधी मोबाइल नंबर एकदा वाचून बघा, आधीच्या गिऱ्हाइकाचा तसाच राहिलेला असू शकतो.