घरच्या पडद्याचा सांधेवाला

भारतात दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले आणि मुंबईकरांच्या घरी ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी येऊन पोहोचले. त्या काळी संच घेणाऱ्या कुटुंबाला जोडणीची विवंचना अशी नव्हतीच. गच्चीवर अँटेना, तेथून खाली उतरलेली एक तार आणि त्या तारेच्या टोकाशी संच, एवढाच सारा संसार. १९८२ साली पडद्यावर रंग आले, तरी तार एकच राहिली.

आज आपण भोपाळला असा, बडोद्यास असा की बेळगावास, दिवाणखान्यातील संचामागे डोकावून पाहा. सेट-टॉप बॉक्स आहे, इंटरनेटवरील चित्रपट दाखविणारी स्ट्रीमिंग स्टिक आहे, मुलांचा गेमचा कन्सोल आहे, सुटीत घरी आलेल्या कन्येचा लॅपटॉप आहे, शिवाय आवाजासाठी साउंडबार आहे. या सर्वांना एचडीएमआय नावाची एकाच जातीची केबल लागते आणि बेताच्या किमतीच्या संचाला तिचे पोर्ट असतात दोन किंवा तीन. पंगतीला पाहुणे पाच आणि पाट दोनच, अशी ही स्थिती.

यातून काय होते, हे आमच्याच घरच्या हकिगतीवरून सांगतो. आमच्या मातोश्रींनी ऐंशी ओलांडली आहे. सायंकाळी सातला कीर्तन ऐकावयाचे, हा त्यांचा नित्यनेम. आमच्या संचाला पोर्ट दोन. एक साउंडबारने अडविलेले आणि दुसऱ्यावर सेट-टॉप बॉक्स व चिरंजीवांचा कन्सोल यांची आळीपाळी. एके दिवशी चिरंजीव खेळून बाहेर गेले, ते केबल पुन्हा बदलावयाची विसरून. मी घरी आलो तेव्हा मातोश्री निळ्या पडद्यासमोर वाती वळीत शांत बसल्या होत्या. ‘‘आज कार्यक्रम नसेल, असे वाटले,’’ एवढेच त्या म्हणाल्या. आपल्याच घरात आपल्याला एक गोष्ट करता येत नाही, ती कोणाकडे तरी मागावी लागते, हे वृद्धांना किती लागत असेल, याचा विचार त्या क्षणापर्यंत मी केला नव्हता. पुढे रोजच्या काढ-घालीने ते पोर्टही सैल झाले. ते मुख्य बोर्डावरच बसविलेले असल्याने दुरुस्तीला नव्या संचाच्या किमतीचा बराचसा भाग लागेल, असे कारागिराने सांगितले, तेव्हा कोठे आम्ही जागे झालो.

या दुखण्यावरील औषध साधे आहे. त्याचे नाव एचडीएमआय स्विच.

स्विच म्हणजे काय?

रेल्वेच्या जंक्शनवर चार दिशांनी रूळ येतात आणि सांधेवाला सांधा बदलून त्यांतील एकाच गाडीला फलाटावर घेतो. स्विचचे काम नेमके हेच. तीन, चार वा पाच साधनांच्या केबली त्याच्यात येतात आणि एकच केबल संचाकडे जाते. आपण बटण दाबाल त्या साधनाचे चित्र पडद्यावर येते. संचाच्या पोर्टला मग कोणी हात लावावयाचा नसतो.

येथेच पहिला खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलो. दुकानात अगदी अशीच दिसणारी दुसरी एक डबी मिळते, तिला स्प्लिटर म्हणतात. तिचे काम उलट. एका साधनाचे चित्र ती दोन-तीन संचांना वाटून देते. दुकानदाराने दिली, मी घेतली आणि घरी येऊन फसलो. तेव्हा डबी हाती घेतल्यावर तिच्यावरील अक्षरे वाचा. ‘इन’ अनेक व ‘आउट’ एक असेल तर तो स्विच. ‘इन’ एक व ‘आउट’ अनेक असतील तर तो स्प्लिटर. दोन्हीही अनेक असतील तर ते मॅट्रिक्स. त्याची गरज एकाहून अधिक पडदे असलेल्या घरालाच पडते.

खरोखर गरज आहे काय?

पैसे खर्चण्यापूर्वी एका कागदावर घरातील साधने लिहून काढा. स्मार्ट संचात आवश्यक ती ॲप्स अगोदरच असतील, तर स्ट्रीमिंग स्टिक काढून टाकता येते. जुन्या डीव्हीडी प्लेअरला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना असतील आणि संचालाही तशी सोय असेल, तर तो तेथेच जोडा. त्यासाठी एचडीएमआयचे पोर्ट अडवू नका. ज्यांच्या घरी होम थिएटरचा एव्ही रिसिव्हर आहे, त्यांनी त्याची मागची बाजू पाहावी. त्यात बहुधा चार किंवा अधिक पोर्ट असतात, म्हणजे तो स्वतःच एक स्विच होय. एवढे करूनही साधने उरत असतील, तरच बाजारात जा आणि आजच्या गरजेपेक्षा एक पोर्ट अधिक असलेला स्विच घ्या.

रुळांची रुंदी

मीटरगेजच्या रुळांवर ब्रॉडगेजची गाडी धावत नाही. एचडीएमआयचेही तसेच आहे. साध्या एचडी चित्रात आडवे १९२० व उभे १०८० असे सुमारे २१ लाख ठिपके असतात. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख, नेमके चौपट. सेकंदाला ६० चित्रे पाठवावयाची, तर जवळजवळ ५० कोटी ठिपक्यांची माहिती प्रत्येक सेकंदाला केबलमधून जावी लागते.

ही वाहतूक गिगाबिटमध्ये मोजतात. २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ या आवृत्तीची कमाल क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट. तीत फोर-के चित्रे सेकंदाला ३० च्या गतीने जात. २०१३ च्या २.० आवृत्तीने ती १८ गिगाबिटवर नेली आणि फोर-के ६० च्या गतीने जाऊ लागले. २०१७ च्या २.१ ने ४८ गिगाबिटपर्यंतची वाट मोकळी केली. फोर-के चित्रे सेकंदाला १२० च्या गतीने देऊ शकणाऱ्या गेम कन्सोलांना तिचा उपयोग होतो.

आता घरगुती हिशेब मांडा. आपला संच साधा एचडी असेल, तर स्वस्तातला १.४ चा स्विचही पुरेल. संच फोर-के असेल, तर ‘१८ गिगाबिट, फोर-के, ६० हर्ट्झ’ असे स्पष्ट लिहिलेला स्विच घ्यावा. नुसते ‘फोर-के’ लिहिलेले पुरेसे नाही. बारीक अक्षरांत ३० हर्ट्झ असेल, तर खेळात व क्रिकेटच्या सामन्यात चित्र अडखळल्यासारखे वाटेल. तद्वतच ‘२.१’ हा आकडा छापला म्हणजे ४८ गिगाबिट मिळतातच असे नाही, कारण त्या आवृत्तीतील अनेक सोयी ऐच्छिक आहेत. म्हणून आवृत्तीचा आकडा वाचू नका, गिगाबिटचा आकडा वाचा.

आणि एक काटकसरीचा मार्ग. घरात १२० च्या गतीचा कन्सोल असेल आणि संचही त्या गतीचा असेल, तर कन्सोल सरळ संचाच्या त्या विशेष पोर्टवर जोडा व बाकीची सावकाश साधने स्विचवर न्या. महागडा स्विच घेण्याचा खर्च त्यामुळे वाचतो.

मधला पहारेकरी

चित्रपटाची चोरटी नक्कल होऊ नये म्हणून एचडीसीपी नावाची एक पहारापद्धती असते. साधन, स्विच आणि संच यांची परस्परांशी ओळख पटल्याखेरीज चित्र पुढे जात नाही. फोर-के चित्रपट देणाऱ्या बहुतेक सेवांना या पद्धतीची २.२ ही आवृत्ती लागते. साधन नवे, संच नवा, पण मधला स्विच जुना असेल, तर पडदा काळा राहतो किंवा चित्र गुपचूप साध्या एचडीवर उतरते आणि आपण मात्र पूर्ण वर्गणी भरीत राहतो. म्हणून खोक्यावर ‘एचडीसीपी २.२’ किंवा त्यापुढचा आकडा असल्याची खात्री करून घ्यावी.

ही ओळखपरेड प्रत्येक वेळी साधन बदलताना नव्याने होते. त्यामुळे बटण दाबल्यावर दोन-चार सेकंद पडदा काळा दिसला, तर तो दोष समजू नये.

आवाजाची वाट

साउंडबार असलेल्या घरांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. संचाच्या एका पोर्टशेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ असे लिहिलेले असते. तेथून आवाज उलट दिशेने, संचाकडून साउंडबारकडे जातो. साध्या स्विचमधून हा उलटा प्रवास बहुधा होत नाही. तेव्हा साउंडबार थेट त्या पोर्टवर आणि स्विच दुसऱ्या पोर्टवर, अशीच मांडणी करावी. स्विचवरील साधनांचा आवाज मग संचात येतो व तेथून साउंडबारला मिळतो.

एआरसी नसलेला जुना अँप्लिफायर घरात असेल, तर आवाज वेगळा काढून देणारे स्विचही मिळतात. त्यांच्या ऑप्टिकल तारेतून डॉल्बी डिजिटलचा सहा वाहिन्यांचा आवाज जातो. ब्लू-रे तबकडीवरील डॉल्बी ट्रू-एचडीसारखा अव्वल दर्जाचा आवाज मात्र तीतून जात नाही.

घरातील वडीलधाऱ्यांसाठी

तांत्रिक गोष्टी जुळल्या, तरी ज्याच्या हाती रिमोट असणार तो माणूस विसरता कामा नये. कित्येक स्विच आपोआप बदलणारे असतात. नवे साधन सुरू झाले की ते त्याच्याकडे वळतात. ऐकावयास हे सोयीचे वाटते, परंतु काही साधने ‘बंद’ असतानाही तारेतून थोडी वीज देत राहतात. स्विचची त्यामुळे फसगत होते आणि कीर्तन चालू असताना मध्येच पडदा भलतीकडे जातो. वृद्धांच्या घरी म्हणून स्वयंचलन बंद करता येईल असा, आणि १, २, ३ अशी ठळक स्वतंत्र बटणे असलेल्या रिमोटचा स्विच घ्यावा. एकच बटण पुनःपुन्हा दाबून क्रम फिरवावयास लावणारा घेऊ नये. रिमोटचे अदृश्य किरण आडोशापलीकडे जात नाहीत. स्विच संचामागे दडवावयाचा असल्यास तारेच्या टोकाशी बसविलेला बाहेरचा ‘डोळा’ सोबत मिळतो का, हे पाहावे.

वीज, केबल आणि खरेदी

एचडीएमआयच्या तारेतून साधनाकडून ५ व्होल्टची अल्प वीज येते. तिची हमी केवळ ५५ मिलिअँपिअरची. तेवढ्यावर भागविणारे छोटे स्विच आहेत, पण फोर-केसाठी स्वतंत्र अडॅप्टरचा वा यूएसबीवरून वीज घेणारा स्विच अधिक भरवशाचा. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण आहे ना, हे पाहावे.

स्विच आला की केबली दोन झाल्या, साधनापासून स्विचपर्यंत एक आणि तेथून संचापर्यंत दुसरी. दोन्ही शक्य तितक्या आखूड ठेवा. फोर-केसाठी प्रत्येक केबल तीन-चार मीटरांच्या आत असलेली बरी. १८ गिगाबिटसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ४८ साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असे तपासणीचे लेबल असलेल्याच केबली घ्याव्यात. जोडणी करताना सर्व साधनांची वीज बंद असावी. गच्चीवरील डिशची तार आत येत असेल, तर पावसाळ्यात विजा कडाडत असताना हा नियम मुळीच मोडू नये.

पक्के बिल घ्या, परत करण्याची मुदत विचारून ठेवा आणि त्या मुदतीतच घरातील प्रत्येक साधन लावून पाहा. वस्तू सांगितल्याप्रमाणे नसूनही दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. निकामी झालेल्या तारा व अडॅप्टर कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावेत.

आमच्या घरी अखेर तीन पोर्टांचा, १८ गिगाबिटचा स्विच आला. सैल पोर्टात त्याची केबल एकदा नीट बसविली आणि आधाराला पट्टी लावली. त्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही. चिरंजीवांनी रिमोटवरील १ या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि आजीला एकदाच दाखविले. आता सायंकाळी सातला मातोश्री चष्मा सावरतात, तो ठिपका शोधतात आणि बटण दाबतात. दोन सेकंद पडदा काळा होतो, मग टाळ वाजू लागतात. कन्सोल चालू असला, तर चिरंजीवांचा खेळ मध्येच अडतो आणि ते काही बोलत नाहीत. आपल्या घरीही असा एखादा लाल ठिपका कोणासाठी लावावयाचा आहे काय, हे आज सायंकाळी जरूर पाहा.