दिव्याला ठेका कळतो कसा?

नांदगावात गणपतीची मिरवणूक असो की लग्नाची वरात, ढोलावर टिपरू पडलं की गाडीवरचे दिवे लखलखतात. साध्या दिव्यातलं तंत्र अगदी सोपं आहे. मायक्रोफोन हवेच्या दाबातले चढउतार विजेत उतरवतो आणि आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की दिवा पेटतो. शेजारी फटाका फुटला तरी दिवा पेटणारच, कारण त्याला फक्त जोर कळतो.

खरी मजा संगणक मध्ये आला की सुरू होते. तो आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो आणि १,०२४ नमुन्यांचा एकेक तुकडा तपासतो. फूरिएच्या गणिताने त्या तुकड्यात खर्ज किती, मधले सूर किती, तार किती हे वेगळं निघतं. हे गणित झटपट करण्याची कूली आणि ट्युकी यांची रीत १९६५ साली प्रसिद्ध झाली. मग पडद्यावर खर्जाला लाल रंग द्या, तारेला निळा, तालावर वर्तुळं फुगवा.

पण इथे एक पेच आहे. एवढा तुकडा गोळा व्हायलाच २३ मिलिसेकंद लागतात, आणि त्यातून कंपनसंख्या साधारण ४३ हर्ट्झच्या पायऱ्यांनीच मोजता येते. घुमणाऱ्या खर्जातले बारकावे हवे असतील तर तुकडा लांबवावा लागतो, म्हणजे चित्र आणखी उशिरा येतं. बारकावा आणि चपळाई दोन्ही एकदम पुरेपूर मिळत नाहीत.

आपल्याकडे या खेळासाठी तबल्यासारखं दुसरं वाद्य नाही. साध्या चामड्याच्या पडद्याचे वरचे सूर मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट असे वेडेवाकडे पडतात. तबल्याची शाई त्यांना जवळपास दुप्पट, तिप्पट अशा सुरेल पायऱ्यांवर आणते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये आपल्या चर्मवाद्यांचा हा गुण मांडला. संगणकाच्या पडद्यावर त्या सुरांच्या रेषा सारख्या अंतराने उभ्या राहतात. नुसत्या दणक्यावर दिवे नाचवण्यापेक्षा या रेषांतून चित्र काढावं, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय प्रकाश जवळजवळ तत्क्षणी पोचतो, आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. मंचापासून ३४ मीटरवर बसलेल्याला थाप दिसल्यावर दशांश सेकंदाने ऐकू येते. मागच्या प्रेक्षकांसाठी वेगळा पडदा लावलात, तर त्यावरचं चित्र तेवढंच मुद्दाम मागे ठेवावं.