फसली सन आणि संगणकाची परीक्षा

बीदर जिल्ह्यातील चिटगुप्पा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या मुलखातील निजामी अमदानीच्या महसुली कागदांवर जो सन आढळतो तो फसली. फसल म्हणजे पीक. हंगामाच्या हिशेबाला सोयीचा असा हा सौर सन सरकारदरबारी रुजला. अमुक साली जमीन कोणाच्या नावे होती, हे वाटणीच्या किंवा कुळाच्या तंट्यात आजही पाहावे लागते, आणि तेथे एका वर्षाची चूकही महागात पडते.

इसवी सनातून ५९० वजा केले की फसली सन मिळतो, असा सोपा ठोकताळा आहे. हे काम संगणकाला सांगावयाचे तर आज्ञावली एका ओळीची. ती चालते, उत्तर देते, कोठे अडत नाही. आणि म्हणूनच ती बरोबर असावी असे वाटू लागते.

अशा वेळी चाचणीची हलकी चौकट कामास येते. नाव भारदस्त, वस्तू लहान. आज्ञावलीला काय विचारावयाचे व तिने काय उत्तर द्यावे, हे आधी लिहून ठेवावयाचे. उत्तर जुळले तर चौकट पुढे जाते, न जुळले तर अपेक्षा काय होती आणि हाती काय आले ते दाखविते. १९९७ साली केंट बेक व एरिक गामा यांनी जावा भाषेसाठी ‘जेयुनिट’ ही प्रसिद्ध चौकट झुरिकहून अटलांटाकडे जाणाऱ्या विमानात बसून रचली, यावरून तिचा मूळचा आटोपशीरपणा ध्यानी यावा.

आता तीन अपेक्षा लिहू या. ६ ऑक्टोबर १९२१ ला १३३१ फसली. त्याच्या आदल्या दिवशी १३३०. आणि पोलीस कारवाई संपली त्या १७ सप्टेंबर १९४८ ला १३५७. एका ओळीची आज्ञावली उत्तरे देते १३३१, १३३१ आणि १३५८. तीनपैकी दोन चुकली! हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात बदले. ६ ऑक्टोबरच्या आधीच्या तारखांसाठी ५९१ वजा करावयास हवेत. एवढी दुरुस्ती केली की तिन्ही अपेक्षा जुळतात. पुढे कोणी आज्ञावलीत फेरफार केला तरी याच तीन ओळी पुन्हा चालवून पाहता येतात.

मात्र या अपेक्षा आणावयाच्या कोठून? त्याच ठोकताळ्याने त्या काढल्या असत्या, तर चुकीची आज्ञावलीही तिन्ही परीक्षांत उत्तीर्ण झाली असती. चोरालाच पंच नेमल्यासारखे ते झाले असते. त्या घ्यावयाच्या संस्थानच्या छापील कारभार अहवालांतून. १३३१ फसली म्हणजे ६ ऑक्टोबर १९२१ ते ५ ऑक्टोबर १९२२, असा काळ तेथे दिलेला असे. मद्रास इलाख्यात तर फसली वर्ष १ जुलैला सुरू होई. तिकडचे कागद हाती आले, तर चिटगुप्प्यासाठी जुळविलेली हीच आज्ञावली त्यांना लावण्यापूर्वी अपेक्षांची नवी यादी करावी लागेल.