पाण्याचा ताळेबंद आणि ताटातली बाजरी

अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) नगर तालुक्यात हिवरे बाजार हे गाव आहे. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात वर्षाकाठी सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली. पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडली आणि गावात दारूच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर ग्रामसभेने श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि नसबंदी ही पंचसूत्री स्वीकारली. डोंगरउतारावर चर खोदले गेले, ओढ्यांवर बांध पडले आणि विहिरींना पाणी आले. हा इतिहास आता सर्वपरिचित आहे. शिवारात आलेले पाणी ताटापर्यंत कसे पोहोचते, याचा विचार मात्र त्या मानाने कमी झाला आहे.

गावात पावसाच्या पाण्याचा दरवर्षी ताळेबंद मांडला जातो. प्रथम माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे पाणी वेगळे काढावयाचे, मग घरगुती वापराचे, आणि उरेल त्यात पिके बसवावयाची, असा क्रम ठरलेला आहे. ऊस, केळी यांसारख्या पाणी पिणाऱ्या पिकांना मनाई आहे व शेतीसाठी कूपनलिका घेतली जात नाही. हा निर्णय पाण्यासाठी झाला, आहारासाठी नव्हे. तथापि त्याचा एक परिणाम आहाराच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. ज्या शिवारात ऊस शिरत नाही, तेथे बाजरी, ज्वारी, मूग, हरभरा, कांदा व भाजीपाला यांना जागा राहते. चौरस आहारास लागणारे बहुतेक अन्नघटक याच पिकांत आहेत.

यांतील बाजरीचा विचार थोडा विस्ताराने करणे योग्य होईल. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते एक मिलिग्रॅमही भरत नाही. असे असूनही शिधापत्रिकेवरील गहू-तांदूळ सुलभ झाल्यापासून अनेक घरांतील भाकरी मागे पडली. बाजरीची भाकरी गरिबाची, ही समजूतही त्याला कारण आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसून आले. घरातील सर्वांची पाने झाल्यावर उरलेल्यावर भागविणारी गृहिणी या आकड्यात मोठ्या संख्येने असणार, हे सांगावयास तज्ज्ञाची गरज नाही.

लोहाची उणीव केवळ रक्तात राहत नाही. मेंदूच्या कामासही लोह लागते. ते कमी पडले की माणूस लवकर थकतो, चिडचिड होते, मुलाचे लक्ष धड्यावर टिकत नाही. अशा मुलाला घरी आळशी म्हणतात आणि शाळेत मठ्ठ. महाराष्ट्रातच झालेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. बारा ते सोळा वर्षांच्या, अंगात लोहाचा साठा कमी असलेल्या विद्यार्थ्यांना सहा महिने रोज दोन वेळा बाजरीचे पदार्थ, मुख्यतः भाकरी, देण्यात आले. काहींना नेहमीची बाजरी, तर काहींना अधिक लोह असलेली. अधिक लोहाची बाजरी खाणाऱ्यांच्या शरीरातील लोहाचा साठा लवकर सुधारला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे अवधान, स्मरणशक्ती आणि प्रतिसादाचा वेग यांतही दुसऱ्या गटापेक्षा अधिक प्रगती झाली. औषधाची गोळी नव्हे, तर रोजची भाकरी बदलून हे साधले, ही गोष्ट शेतकरी कुटुंबाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तथापि भाकरी खाल्ली म्हणजे त्यातील सर्व लोह अंगी लागले, असे नाही. धान्यातील काही द्रव्ये लोहाला धरून ठेवतात. जेवणात लिंबू, पेरू, आवळा असे 'क' जीवनसत्त्व देणारे काही असले की लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला की कमी. जेवणानंतर लगेच चहाचे आधण ठेवण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. तो चहा तासभर पुढे ढकलला तर पदरचा पैसाही खर्च न होता लाभ होतो. मटकी, मूग भिजवून मोड आणल्यास त्यांतील लोह सुटे होण्यास मदत होते. शिवाय धान्यातील प्रथिनांत जो अंश उणा असतो तो कडधान्य भरून काढते. भाकरी आणि उसळ ही जोडी जुन्या गृहिणींनी अनुभवाने जुळविलेली आहे. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, वाटाणा, गाजर, वांगे, शेंगदाणे घातलेली मिसळीची भाजी करतात, ते ताट आहारशास्त्राच्या कोणत्याही कसोटीला उतरेल. दुर्दैवाने ते वर्षातून एकदाच वाढले जाते.

दुधाविषयीही येथे लिहिणे प्राप्त आहे. चारा वाढला तसे हिवरे बाजारचे दूध वाढले. १९९५ च्या सुमारास दररोज दीडशे लिटरच्या घरात असलेले उत्पादन पुढे हजारो लिटरांवर गेले. दुभत्या गावांत सर्वत्र एक मोह असतो: सारे दूध संकलन केंद्रावर घालावयाचे आणि घरात चहापुरते ठेवावयाचे. शाकाहारी कुटुंबाला ब-१२ जीवनसत्त्व दूध, दही, ताक यांतूनच मिळते, व त्याच्या अभावी हातापायांना मुंग्या येणे, विसरभोळेपणा, उदासी असे त्रास होऊ शकतात. तेव्हा वाढत्या मुलांचा व गरोदर स्त्रीचा वाटा अगोदर काढून मग किटली भरणे इष्ट. पाण्याच्या ताळेबंदातही पिण्याचा वाटा पहिलाच काढतात! मात्र दुधातील कॅल्शियम लोहाच्या शोषणास काहीशी आडकाठी करीत असल्याने दूध जेवणाबरोबर न घेता सकाळी किंवा निजताना घेणे बरे.

नशाबंदीचा संबंध थेट चुलीशी आहे. भट्टीवर जाणारा पैसा घरी राहिला की तेल, डाळ, गूळ येतो. पोटात अन्नाऐवजी दारू घालणाऱ्याचे यकृत बिघडते, झोप उडते, आणि त्याच्या भयाने घरातल्या मुलांचाही घास घशाखाली उतरत नाही.

कोरडवाहू शेतकऱ्याने बाजरीचा वाण निवडताना उत्पन्नाबरोबर लोहाचाही विचार करावा. इक्रिसॅट या संस्थेने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने तयार केलेला 'धनशक्ती' हा वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. त्याच्या दाण्यात किलोमागे सुमारे सत्तर मिलिग्रॅम लोह असते व तो अडीच महिन्यांत काढणीस येतो. बाजरीच्या पिठात स्निग्धांश अधिक असल्याने ते लवकर कडवट होते. म्हणून आठवड्यापुरतेच दळावे. धनशक्ती हा संकरित वाण नसल्याने घरचे बी ठेवता येते. मात्र बाजरीत परपरागीकरण होत असल्यामुळे बियाण्याची कणसे शेताच्या मध्यभागातील निरोगी, सारख्या उंचीच्या ताटांवरून निवडावीत. कडेच्या ओळींत शेजारच्या वाणाचे पराग मिसळलेले असतात. ती कणसे खाण्यासाठी वेगळी मळावीत.